एसी चालू आहे पण रूम गार होत नाही: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की सोसायटीच्या ग्रुपवर "कोणी चांगला एसीवाला आहे का" सुरू होतं आणि पुढचे प्रश्नही दरवर्षी तेच असतात, म्हणून एका ठिकाणी लिहून ठेवतोय. स्प्लिट एसी धरून लिहिलंय कारण आता बहुतेकांकडे तोच आहे. मेकॅनिकला फोन लावायच्या आधी निदान पहिले तीन प्रश्न वाचा.

एसी चालू आहे, वारापण येतोय, पण गारवा नाही. सगळ्यात आधी काय बघू?

रिमोट. हसू नका, खरंच आधी रिमोटच बघा. बर्फाच्या चांदणीचं चिन्ह म्हणजे कूल, थेंबाचं चिन्ह म्हणजे ड्राय, पंख्याचं म्हणजे नुसता पंखा, आणि हॉट अँड कोल्ड मशीन असेल तर सूर्याचं चिन्ह म्हणजे हीटर. लहान मुलं रिमोटशी खेळतात आणि मग घरातले सगळे आठवडाभर फॅन मोडवर घाम पुसत बसतात, हे नेहमीचं आहे.

दुसरं म्हणजे आजकालचे कन्व्हर्टिबल एसी, फोर-इन-वन, फाइव्ह-इन-वन वगैरे. त्यात एक बटण असतं ज्याने मशीनची ताकद ८० टक्के, ६० टक्के, ४० टक्के अशी खाली आणता येते, हिवाळ्यात कोणीतरी ते ४० वर नेऊन ठेवतं आणि मे महिन्यात दीड टनाचा एसी अर्ध्या टनासारखा का वागतोय म्हणून सगळे हैराण. इको मोडचंही तसंच. दोन्ही बंद करा, टेंपरेचर १८ वर आणा, फॅन हाय करा आणि पंधरा मिनिटं दारं-खिडक्या लावून बघा. सेटिंग २४ वर आपोआप येत असेल तर तो बिघाड नाही, १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगवाल्या रूम एसीचं डिफॉल्ट २४ ठेवायचा नियमच आहे, तुम्ही ते खाली-वर करू शकता.

यातलं काहीच नसेल तर पुढचा नंबर जाळीचा.

जाळी म्हणजे फिल्टर ना? त्याने एवढा फरक पडतो?

एवढा पडतो की मी म्हणेन बाकी काही करण्याआधी ती धुवाच. इनडोअरचं पुढचं झाकण दोन्ही बाजूंनी धरून वर उचललं की दोन प्लॅस्टिकच्या जाळ्या दिसतात, त्या जरा वर ढकलून खाली ओढल्या की निघतात. उजेडासमोर धरा, पलीकडचं दिसत नसेल तर तुमचा एसी नाक दाबून श्वास घेतोय. नळाखाली धरताना पाणी मागच्या बाजूने सोडा म्हणजे धूळ आली तशी बाहेर पडते, पुढून सोडलं तर ती जाळीत आणखी रुतते. ब्रश घासू नका, गरम पाणी नको, उन्हात वाळवू नका, प्लॅस्टिक वाकडं होतं आणि मग ते खाचेत बसत नाही. सावलीत पूर्ण सुकवून लावा.

सीझनमध्ये दर पंधरा दिवसांनी. रस्त्याला लागून घर असेल, समोर बांधकाम चालू असेल किंवा घरात मांजर-कुत्रा असेल तर दर आठवड्याला.

जाळी काढली आहेच तर आतल्या कॉइलवरही टॉर्च मारा. चांदीसारख्या पातळ पत्र्यांमध्ये राखाडी थर दिसला तर जाळी धुवून भागणार नाही, जेट पंपाने सर्व्हिसिंग करावी लागेल. ब्लोअर, म्हणजे तो लांब गोल पंखा, त्याच्या पात्यांमध्ये काळा चिकट मळ बसलेला असतो आणि तो वरून दिसत नाही, वारा आधीपेक्षा कमी वाटत असेल तर बहुतेक तोच. बाजारात मिळणारा फोमचा स्प्रे वरवरच्या धुळीला ठीक आहे, ब्लोअरच्या मळाला त्याने काही होत नाही.

माझा एसी खरंच कमी गार करतोय की मलाच तसं वाटतंय, हे कसं ओळखू?

साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, तापाचा नाही, रूमचा. एसी १८ वर, फॅन हाय, पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. मग एकदा इनडोअरच्या वरच्या बाजूला जिथून हवा आत ओढली जाते तिथलं टेंपरेचर बघा आणि एकदा खालून वारा येतो तिथलं. दोघांत साधारण ८ ते १२ डिग्रीचा फरक असला तर मशीन आपलं काम करतंय आणि प्रॉब्लेम रूमचा आहे, म्हणजे रूम मोठी आहे, ऊन येतंय, दाराखालून हवा जातेय वगैरे. तीन-चार डिग्रीचाच फरक असेल तर मशीनमध्ये काहीतरी आहे. पावसाळ्यात हवेत ओलावा जास्त असल्यामुळे हा फरक थोडा कमी येतो, घाबरू नका.

एसीवाल्याला फोनवर "गार होत नाही" सांगण्यापेक्षा "आत ओढली जाणारी हवा २९ आणि खालून येणारी २५ आहे, जाळी धुतलेली आहे" असं सांगितलं की समोरच्याचा बोलायचा सूरच बदलतो.

आउटडोअर युनिट चालूच होत नाहीये किंवा पंखा फिरतोय पण गार नाही.

आधी तीन मिनिटं थांबा. लाइट जाऊन आली किंवा रिमोटने बंद करून लगेच चालू केलं तर कॉम्प्रेसर, म्हणजे आउटडोअरमधला गॅस दाबून फिरवणारा पंप, मुद्दाम साधारण तीन मिनिटं उशिरा सुरू होतो, आतल्या प्रेशरला स्थिर व्हायला वेळ लागतो म्हणून. लोक या तीन मिनिटांत चार वेळा बटण दाबतात आणि वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो.

जुना नॉन-इन्व्हर्टर, म्हणजे कॉम्प्रेसर एकाच स्पीडवर चालणारा एसी असेल आणि आउटडोअरमधून नुसता घुंsss आवाज येऊन काही सेकंदांत टक करून बंद पडत असेल, तर कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू व्हायला मदत करणारा पार्ट, गेलेला असण्याची शक्यता बरीच. तो पावडरच्या डब्यासारखा एक गोल डबा असतो, फुगलेला दिसला तर नक्कीच गेला. काही शे रुपयांचा पार्ट आहे. पण स्वतः हात घालू नका, मेन बंद केल्यावरही त्यात करंट साठलेला राहतो, आणि इन्व्हर्टर मशीनच्या बोर्डवर तर बंद केल्यानंतरही काही मिनिटं तीनशेच्या वर व्होल्ट असतात.

व्होल्टेज हे दुसरं कारण. मे महिन्यात संध्याकाळी सगळ्या बिल्डिंगचे एसी एकदम लागतात, गावाकडे तर तेव्हा १७०-१८० वर येतं आणि कॉम्प्रेसर उठतच नाही. स्टॅबिलायझरवर आकडा दिसत असेल तर तो बघा. रात्री उशिरा एसी छान चालत असेल आणि आठ-नऊच्या सुमारास चालत नसेल तर मशीनला दोष देण्याआधी महावितरणच्या १९१२ नंबरवर तक्रार टाका.

आणि तिसरं, जे ऐकून शहरातले लोक हसतात, ते म्हणजे पाल. आउटडोअरचा पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, ऊबदार असतो, पाल आत जाऊन बसते, दोन टोकांना चिकटते आणि स्वतःसकट बोर्ड घेऊन जाते. मुंग्यांची वारुळंही निघतात. बोर्डाचं बिल मोठं येतं, म्हणून मेकॅनिक आला की वायरिंग जिथून आत जातं ती भोकं पुट्टीने बुजवून घ्या.

मेकॅनिक म्हणतो गॅस संपलाय. दरवर्षी संपतो का?

नाही. यावर जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त पैसे इथे जातात.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तोच तोच गॅस बंद नळ्यांमधून गोल फिरत राहतो. घरातला फ्रिज पंधरा वर्षं चालतो, त्यात कोणी दरवर्षी गॅस भरलाय का? मग एसीत का भरायचा? गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळलाय, आणि जिथून गळलाय ते बुजवलं नाही तर नवा भरलेलाही तिथूनच जाणार. "थोडा टॉप-अप करून देतो, सीझन निघून जाईल" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा, सीझन निघतो आणि पुढच्या मार्चला तोच माणूस पुन्हा दारात.

आता गंमत बघा. मेकॅनिक आउटडोअरच्या व्हॉल्व्हला प्रेशर मोजायचं गेज लावून दाखवतो की बघा काटा खाली आहे. पण जाळी आणि कॉइल चोक असतील तरी काटा खालीच येतो! कॉइलवरून पुरेशी गरम हवा गेली नाही की प्रेशर पडतं, गॅस पूर्ण असला तरी. आमच्या शेजारच्या काकांकडे असंच झालं, आलेल्या माणसाने जाळी काढूनही न बघता पाईप जोडला, सिलिंडर उघडला, गॅस भरला आणि पैसे घेऊन गेला, दोन दिवसांनी परिस्थिती तीच. जाळी काढली तर त्यावर गोधडीसारखा धुळीचा थर. म्हणून क्रम लक्षात ठेवा, आधी सफाई आणि मगच गेज.

इन्व्हर्टर एसीत आणखी एक भानगड आहे. कॉम्प्रेसरचा स्पीड सतत कमी-जास्त होतो त्यामुळे प्रेशरही बदलतं, ते फुल स्पीडवर चालवूनच मोजावं लागतं. आणि जुन्या आर-२२ गॅसमध्ये चालू मशीनचं प्रेशर साधारण ६०-७० पीएसआय असायचं, आर-३२ आणि आर-४१०ए मध्ये ते त्याच्या जवळजवळ दुप्पट असतं. जो माणूस ६५ ला "एकदम ओके" म्हणतो आणि तुमच्या मशीनवर आर-३२ लिहिलंय, त्याला चहा पाजून परत पाठवा.

मग गॅस खरंच कमी आहे हे मला कसं कळेल?

मशीन अर्धा तास चालवून आउटडोअरजवळ जा, अर्थात हात सुरक्षित पोचत असेल तरच, दहाव्या मजल्यावर ग्रिलबाहेर लोंबकळू नका. तिथे दोन तांब्याचे पाईप असतात, एक बारीक आणि एक जाड. सगळं ठीक असताना जाड पाईपला गार घाम सुटलेला असतो. बारीक पाईपच्या नटावर पांढरा बर्फ आणि जाड पाईप कोरडा, कोमट असेल तर गॅस कमी असल्याचा संशय घ्या. जाड पाईपवरच बर्फ चढला असेल तर आधी हवेचा अडथळा शोधा.

आणि नटांच्या जोडावर, कॉइलच्या वळणांवर तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते का बघा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, गळती जिथे आहे तिथे ते थोडंथोडं बाहेर येतं. तो डाग दिसला की मेकॅनिकला बोटाने दाखवा, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात.

ठीक आहे, गॅस भरायचाच आहे. भरताना काय बघायचं?

आधी लीक टेस्ट, ती नायट्रोजन भरून आणि साबणाच्या पाण्याने करतात. गळती नटला असेल तर पाईपचं टोक पुन्हा फ्लेअर करून, म्हणजे पसरवून, नट बसवतात, नळीत असेल तर ब्रेझिंग, म्हणजे तापवून डाग देणं. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओलावा ओढून काढायचा, याला पंधरा-वीस मिनिटं तरी द्यावीच लागतात, थोडा गॅस सोडून "हवा काढली" म्हणणारे बरेच आहेत. मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून ग्रॅममध्ये गॅस भरायचा. किती ग्रॅम ते आउटडोअरच्या स्टिकरवर छापलेलं असतं, फोटो काढून ठेवा, उन्हाने पुसलं जातं. वजनकाटा आणलाच नसेल तर तो अंदाजपंचे काम करणार.

गॅसचं नाव स्टिकरवर आहे तेच हवं. आर-२२ वापरणारी नवी मशीन बनवणं आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून बंद आहे, पण जुन्या मशीनमध्ये तो अजून आहे आणि त्यात भलताच गॅस ढकलणारे भेटतात. आर-३२ हा थोडा ज्वलनशील आहे, आणि आर-२९० म्हणजे तर सरळ प्रोपेन. काम चालू असताना खिडक्या उघड्या, जवळ सिगरेट नाही, देवघरातला दिवाही विझवा, आणि आत गॅस असताना नळीवर ज्योत लावू देऊच नका.

इनडोअरच्या कॉइलवर बर्फ जमलाय. बर्फ म्हणजे जास्त गार ना?

उलटं. बर्फाने कॉइल झाकली की हवा आत जातच नाही आणि रूम तापते. कारणं तीच दोन, हवा अडलीय किंवा गॅस कमी आहे. एसी कूलवरून फॅन मोडवर टाका, दोन-तीन तास बर्फ वितळू द्या, खाली जुनं टॉवेल अंथरा कारण पाणी बरंच पडतं. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका, कॉइलला भोक पडलं की खर्च कुठल्या कुठे जातो. जाळी धुवून पुन्हा लावा, परत बर्फ आला तर मेकॅनिक.

पाणी आत ठिबकतंय, त्याचा आणि गार न होण्याचा संबंध आहे का?

कधी असतो, कधी नसतो. वर लिहिलेला बर्फ वितळून पाणी पडत असेल तर आहे. नाहीतर ड्रेन पाईप शेवाळ-मळाने चोक झालेला असतो, किंवा पाईपचं टोक बादलीत बुडलेलं असतं, किंवा मध्येच वर उचललेलं असतं. बाहेरच्या टोकाला पाणी ओढू शकणारा व्हॅक्यूम क्लीनर लावून ओढलं की बऱ्याचदा मोकळा होतो.

रात्री मस्त गार होतं, दुपारी अजिबात नाही. का?

आउटडोअरचं काम रूममधली उष्णता बाहेर फेकणं. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याला मे महिन्यात बाहेरच ४५ च्या आसपास असतं, त्यात युनिट गच्चीवर भर उन्हात, मग ते उष्णता फेकणार कुठे? घेतानाच बघा, काही मॉडेल ५२ डिग्रीपर्यंत चालतील असं लिहून देतात, विदर्भ-मराठवाड्यासाठी तेच घ्यावं.

मुंबई-ठाण्यात वेगळं दुखणं, तिथे बिल्डिंगच्या डक्टमध्ये एकावर एक आउटडोअर लावलेले असतात, खालच्याची गरम हवा वरचा ओढतो. नाहीतर बॉक्स ग्रिलमध्ये युनिट आणि पुढे कुंड्या, जुन्या गाद्या, वरती कबुतराचं घरटं. पुढे दोन-तीन फूट मोकळं ठेवा, मागची जाळी पिसांनी भरली असेल तर मेन बंद करून ब्रशने वरून खाली झाडा. सावलीसाठी हिरवी नेट बांधायची तर वर बांधा, युनिटला गुंडाळू नका. पाणी मारायचं असेल तर बोअरचं खारं पाणी नको, पत्र्यांवर क्षार बसतो. वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेलाच असतो, गच्चीवर पांढरा हीट-रिफ्लेक्टिव्ह रंग मारून घेतला तर फरक जाणवतो.

कूलर आणि एसी एकत्र लावले तर लवकर गार होईल का?

एका रूममध्ये नको. कूलर हवेत पाणी सोडतो, एसी तेच पाणी पुन्हा काढत बसतो आणि त्याची अर्धी ताकद तिथेच जाते. सीलिंग फॅन मात्र हळू स्पीडवर लावा, मग एसी २५-२६ वर ठेवूनही भागतं. एक डिग्री वर नेली की साधारण ६ टक्के वीज वाचते असं ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगतं.

पावसाळ्यात गार होतं पण चिकट वाटतं.

ड्राय मोड लावा.

एसी लावला की एमसीबी पडतो.

पुन्हा पुन्हा वर करू नका. प्लग काढून बघा, पिना काळ्या पडल्यात किंवा सॉकेट वितळल्यासारखा दिसतोय तर तिथेच सैल जोड आहे. एसीला वेगळी लाइन, १६ अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग लागतंच, एक्स्टेंशन बोर्डवर एसी चालवणाऱ्यांना काय म्हणावं. वायरिंग ठीक असूनही कॉम्प्रेसर सुरू होताक्षणी पडत असेल तर कॉम्प्रेसर अर्थ झालेला, म्हणजे आतली वायर बॉडीला लागलेली असू शकते, ते मीटर लावूनच कळतं.

आमच्याकडे दोन-तीन वर्षांतच कॉइल लीक झाली. क्वालिटी खराब का?

राहता कुठे ते सांगा. समुद्राजवळ, म्हणजे कोकण किनारा, गोवा, मुंबईचा पश्चिम भाग, खारी हवा ॲल्युमिनियमचे पत्रे खाते, बोटाने चोळलं की पांढरी पावडर पडते. नाला किंवा खाडीजवळ गटाराच्या वायूने तांबं काळं पडतं आणि सुईएवढी भोकं होतात. अशा ठिकाणी कॉइलवर कोटिंग असलेलं मशीन घ्या आणि आउटडोअर वर्षातून दोनदा साध्या नळाच्या पाण्याने धुवून घ्या. एकाच कॉइलला परत परत टाके मारण्यापेक्षा कॉइल बदललेली परवडते.

कॉम्प्रेसरवर दहा वर्षं वॉरंटी आहे, मग पैसे का मागतात?

कारण वॉरंटी बहुतेक वेळा त्या पार्टचीच असते. गॅस, ने-आण, मजुरी, व्हिजिट चार्ज हे बऱ्याचदा वेगळं लागतं. कार्ड काढून वाचा, कॉइल आणि पीसीबी किती वर्षं कव्हर आहेत ते वेगळं लिहिलेलं असतं. एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, घेताना गॅस आणि पार्ट धरून आहे की नुसत्या सर्व्हिसिंगची आहे हे लेखी घ्या. वॉरंटीत असूनही टोलवाटोलवी चालली तर नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन १९१५, बिलाचा फोटो आणि तक्रार नंबर हाताशी ठेवून फोन करा.

घर शिफ्ट केल्यापासून गार होत नाही, आधी छान होतं.

शिफ्टिंगवाल्याने काढताना गॅस आउटडोअरमध्ये गोळा केला नसेल, म्हणजे पंप डाउन केलं नसेल, तर तो हवेत गेला. किंवा जुनेच नट दाबून बसवले असतील, पाईप कुठेतरी चेमटला असेल, व्हॅक्यूम केलं नसेल. पुढच्या वेळी काढताना समोर उभे राहा, एसी चालू ठेवून आधी बारीक पाईपचा व्हॉल्व्ह बंद करतात, थोड्या वेळाने जाड पाईपचा, आणि लगेच मशीन बंद. एसी बंद असतानाच पान्याने नट फिरवायला लागला आणि फुस्स आवाज आला तर तिथेच थांबवा.

सर्व्हिसिंग कधी करून घेऊ?

फेब्रुवारीत, फार तर गुढीपाडव्याच्या आत. एप्रिलमध्ये फोन केलात तर आठवडाभर वेटिंग आणि आलेला माणूस घाईत, तो दहा मिनिटांत नुसती जाळी झटकून जाणार. दुसरी सर्व्हिसिंग पावसाळा संपल्यावर.